वाकड्या सहीचं प्रमाणपत्र

पद्मावती आमच्या सर्वण गावची वैजीण. मलाही तिनेच या जगात ओढून आणलं. त्याबद्दलची माझी तक्रार वेगळी. गोवा राज्य झालं त्या वर्षी कुणीतरी ठरवलं, की बाळंतिणीजवळ बसायलाही प्रमाणपत्र हवं. डिचोलीचा वर्ग पंधरा दिवसांचा, वर सुईणीच्या सामानाची स्टीलची पेटी फुकट. तिची सून गौरवी म्हणाली, तोच घ्या. पण तिथल्या पोरसवदा डॉक्टरने शिकवताना बाहुली तंगडीला धरून उचलली आणि पद्मावती चपला घालून निघालीच.

मग वास्कोचा तीन दिवसांचा वर्ग. शिकवणाऱ्या बाईंचेच दिवस भरलेले. बाळंतिणीला धीर कसा द्यावा, ते त्या फळ्यावर लिहीत होत्या. तिसऱ्या दिवशी खडू हातातून पडला. पद्मावतीने गाडी बोलावली, बाईंचा अंबाडा सोडला आणि वर्गातली सगळी कपाटं सताड उघडायला लावली. कळा सुरू झाल्यावर काहीही बांधलेलं, बंद ठेवायचं नसतं.

"बाये," ती म्हणाली, "संध्याकाळी काय तू इथे नसशील. सही आत्ताच कर."

ती सही वाकडी आहे. बाईंचा दुसरा हात पद्मावतीच्या हातात होता, आणि गाडी आली तरी बाई तो सोडेनात.