सुरूच्या रोपांचं विरजण

वादळात आमच्या घरापुढची सुरूच्या झाडांची रांग आडवी झाली आणि समुद्राची वाळू थेट ओटीवर येऊ लागली. सकाळी झाडलेली ओटी दुपारी पुन्हा भरायची. ह्यांनी कणकवलीत भाड्याचं घर बघून ठेवलं आणि सासूबाईंना सांगितलं, येत्या पावसात नवी झाडं धरली नाहीत तर इथून हलायचं. लग्न होऊन आल्यापासून त्या हे घर सोडून कुठे राहिल्याचं कुणाला आठवत नाही.

रोपं करायचं मी अंगावर घेतलं. रोपवाटिकेचं चार दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते, त्यामुळे मला सगळंच कळत होतं. काळ्या पिशव्या आणल्या, माती दोनदा चाळली, उन्हात तापवली, कचऱ्याचा कण म्हणून राहू दिला नाही. सासूबाई पडलेल्या झाडांखालची काळपट माती टोपलीत घेऊन आल्या आणि थोडी ही घाल म्हणाल्या. त्यात कीड असेल, रोग असेल, असं मी त्यांना फाडकन सुनावलं.

"विरजणाशिवाय धंय लागता काय गो?" एवढंच त्या बोलल्या.

मी हसले, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं. आज आठवलं की लाज वाटते.

रोपं उगवली, बोटभर झाली आणि तिथेच थांबली. शिमग्यापर्यंत पिवळी पडली. मी खत घातलं, पाणी कमी केलं, पुन्हा वाढवलं, ह्यांच्यावर विनाकारण डाफरले. विहिरीकडच्या कोपऱ्यातल्या दोन ओळी मात्र हिरव्यागार होत्या. त्यातली एक पिशवी फाडून पाहिली तर आत तीच काळपट माती, आणि मुळांवर झाडाला पोसणाऱ्या बारीक गाठी धरलेल्या. माझी पाठ वळल्यावर सासूबाईंनी त्या पिशव्यांत आपली माती मूठ मूठ घातली होती. मी त्यांच्यापुढे जाऊन बसले आणि चुकले म्हटलं. त्यांनी माझे मातीचे हात आपल्या पदराने पुसले. मग उरलेल्या पिशव्यांतही ती माती घातली, पण उशीर झाला होता. बरीच रोपं गेली.

पाऊस स्थिरावल्यावर लावणीला निघालो तेव्हा रोपं एकाच घराच्या आडोशापुरती होती. हे आमच्या दारासमोर खड्डा मारायला लागले. सासूबाईंनी त्यांचा हात धरला आणि शेजारच्या घराकडे बोट दाखवलं. तिथे नवरा गेल्यापासून मासळी विकून एकटी राहणारी बाई आहे. तिच्या तर चुलीपर्यंत वाळू जायची.

"आमका जावक कणकवली आसा," सासूबाई म्हणाल्या. "तिका खंय आसा?"

खरं सांगते, मला रागच आला. एवढं करून शेवटी घर सोडायचंच होतं तर हा खटाटोप कशाला? म्हणून मी त्यांच्याकडे वळले. त्या समुद्राकडे तोंड करून उभ्या होत्या, आमच्या घराकडे पाठ करून, आणि पदर तोंडाला लावला होता.

मी रोपांची टोपली उचलली आणि शेजारच्या दाराकडे चालू लागले. हे कुदळ घेऊन माझ्यामागून आले.