सहा फलाटांची बाई

आमच्या मागच्या गल्लीतल्या बाईंना सगळे लक्षद्याबाई म्हणतात. बसस्थानकाच्या भोंग्यावर दुपारी बारा ते सात त्यांचाच आवाज: "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्याऽऽ." शेवटचा 'द्या' असा ओढतात की थांबलेली गाडीसुद्धा वळून बघेल.

नवरा वारल्यापासून घरात त्या आणि चौथीतली लेक. शाळेतून आल्यावर लेक एकटीच. गृहपाठाच्या नावाने वही कोरी. परवा नणंदबाई आल्या, वही उलटीसुलटी केली आणि नाकात बोलल्या, "वैनी, जगाला लक्ष द्यायला सांगता, घरात पालथ्या घड्यावर पाणी! सहामाहीपर्यंत बघते. नाहीतर पोरीला घेऊन जाते माझ्याकडे."

बाईंच्या मनात एकच: पोर गेली तर घरात उरणार कोण?

घर स्थानकाच्या भिंतीला लागून. भोंगा थेट खिडकीत. मग मायलेकींचं ठरलं. रोज पाचच्या ठोक्याला भोंग्यातून यायचं, "गाडी क्रमांक सात, फलाट क्रमांक चार." म्हणजे सातवा धडा, चार गणितं; आठवड्याचा गृहपाठ वहीत आधीच लिहून आलेला असायचा. गाडी खोटी, गृहपाठ खरा. ते ऐकलं की पोरगी दप्तर उघडायची. महिनाभर वही भरत गेली.

पण एक दिवस गणितं होती नऊ.

नऊ नंबरचा फलाट शोधत दोन पिशव्या घेतलेले आजोबा अर्धा तास फिरले आणि शेवटी चौकशीच्या खिडकीत आले. "बाई, सहाच्या पुढे थेट भिंतच लागते हो!"

कंट्रोलर साहेबांना बोलावणं गेलं. साहेब रागावले की आवाज उलटा बारीक होतो. "बाई, बावीस वर्षं झाली मला इथे. नऊचा फलाट मी पाहिला नाही. तुम्ही पाहिलाय? दाखवा, मलाही बघू दे." मग वेळापत्रकाच्या कागदावर बोट आपटलं. "उद्यापासून जे इथे लिहिलंय तेवढंच. एक अक्षर जास्त नको."

दुसऱ्या दिवशी पाच वाजले. बाईंनी कागदावरची गाडी पुकारली आणि माइक बंद केला. आता पोर दप्तराला हात लावणार नाही, नणंद येणार, पोरीचे कपडे पिशवीत भरणार. सातला सुटल्या त्या पळतच घरी.

वही उघडी. आजची पाचही गणितं सोडवलेली.

"मी आज बोलले नाही, तरी?"

"अगं, मी कधीची खिडकी लावून घेते. आठ दिवस झाले. तुझ्या आवाजाने माझे पाढे चुकतात."

"मग बसायचं कळतं कसं?"

"येते, खाते, दप्तर उघडते. त्यात कळायचंय काय?"

सहामाही झाली. नणंदबाईंनी वही पानपान चाळली. खोट काढायला जागाच सापडेना. "सुधारली हो," म्हणाल्या, जरा हिरमुसूनच, आणि एकट्याच परत गेल्या.

आता सुटीच्या दिवशी बाई घरी असतात. पाचला लेक वही घेऊन बसते. बाई काहीतरी सांगायला तोंड उघडतात.

"आई, हळू ना. नंतर सांग."

बाई स्वयंपाकघरात जातात आणि धुतलेले कप पुन्हा धुतात, नळ अगदी बारीक सोडून.