शनिवारचा दिवा

आपल्याकडच्या बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, आजोबांना मी शनिवारी दिवा पेटवायला बोलावलं.

कापसाच्या तेजीत अकोल्याला प्रदर्शन भरलं होतं. रुईच्या गाठींशेजारच्या खोलीत इस्राएलींच्या आठवणी मांडण्याचं काम माझ्याकडे आलं. आजोबांनी आपल्या दिवंगत वडिलांचा काचेचा दिवा विश्वासानं दिला. त्याखालच्या पाटीवर मीच झोकात लिहिलं, ‘हे लोक शनिवारी विस्तव पेटवत नाहीत.’ आणि उद्घाटन ठेवलं शनिवारी सकाळी, त्यांच्याच हातून!

आजोबांनी पाटी वाचली. “मास्तर, माझ्या वडिलांचा दिवा परत द्या.”

पाहुणे म्हणून येणाऱ्या कलेक्टरसाहेबांची वेळ बदलेना, आणि दिव्यावाचून खोलीत पाहण्यासारखं काही उरेना. मी कान धरले. आजोबांना हसू आलं. “आमचा शनिवार शुक्रवारी दिवस मावळताच लागतो. त्याच्या आत मी पेटवतो. घरीही तसंच करतो. तेल तेवढं भरपूर घाला.”

शनिवारी साहेब आले तेव्हा दिवा तेवत होता आणि आजोबा शेजारी उभे राहून वडिलांविषयी सांगत होते. माझा जीव भांड्यात पडला.

कापसाशेजारी दिवा म्हणून रात्रभर जागलेला चौकीदार मात्र डोळे चोळत म्हणाला, “मास्तर, ते लोक शनिवारीच काम करत नाइत. तुमी बाकीच्या दिवशीबी करत जाऊ नोका.”