पाटीवरचं मेरीगोल्ड

आमच्याकडं झेंडूचं बी कुणी विकत आणत नव्हतं. दसऱ्याच्या तोरणातली फुलं वाळली की चुरडून डब्यात ठेवायची आणि पुढल्या पावसाळ्यात बांधाच्या कडेनं फेकायची, झालं. आता बियाण्याची पाकिटं येतात आणि पाकिटावर नाव इंग्रजीत. मी शाळेत गेले दुसरीपर्यंत. मराठी वाचायला तेवढं पुरलं. इंग्रजी अक्षरं मात्र नात शाळेत गेल्यावर तिच्या जुन्या पुस्तकातून माझी मीच शिकले, आणि कुणाला न विचारता वाचलेलं पहिलं नाव मेरीगोल्ड. तो दिवस मी घरभर सांगत फिरले. ऐकायला कुणी नव्हतं तर गाईला सांगितलं.

शहागडला हायवेच्या कडेला आमचा बायांचा गट हार करतो. दसरा जवळ आला की ट्रकवाले थांबतात. ट्रकचा हार म्हणजे देवाच्या हारासारखा नाजूक चालत नाही. तो या आरशापासून त्या आरशापर्यंत पुरला पाहिजे आणि वाऱ्यात टिकला पाहिजे. तो ओवावा माझ्या थोरल्या जाऊबाईंनीच. पेंटर पाटी रंगवायला आला तेव्हा नाव मी सुचवलं, मेरीगोल्ड महिला गट. गाडीतल्या लोकांनाही वाचता यावं म्हणून. मी काढलेलं नाव बाकीच्या बायांनी लगेच मान्य केलं, छाती फुगली माझी.

जाऊबाईंनी विचारलं, "मेरी म्हंजे कोण?"

माझी सून शाळेत इंग्रजी शिकवते. तिला मी अर्थ विचारूनच आले होते. म्हटलं, येशूची आई मेरी आणि गोल्ड म्हणजे सोनं. मेरीमातेचं सोनं.

जाऊबाईंनी सुई खाली ठेवली. "धाकले, दसरा आपला, देवी आपली, अन् पाटीवर दुसऱ्याच्या देवाची माय? मी त्या पाटीखाली बसणार न्हाई. तुमचं तुम्ही ओवा."

पेंटर ब्रश धरून उभा. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. जाऊबाई उठल्या तर गट मोडल्यासारखाच होता. दुसऱ्या कुणाचा हार हायवेच्या वाऱ्यात टिकत नव्हता, हे आम्ही आदल्या साली बघितलं होतं. आणि त्या गेल्या असत्या तर माझ्यामुळं गेल्या असत्या. पेंटरला म्हटलं, तू चहा घेऊन ये बाबा.

मंग मी त्यांच्याजवळ बसले आणि सुनेनं सांगितलेलं बाकीचं सांगितलं. मेरीगोल्ड हे नाव आधी आपल्या झेंडूचं नव्हतंच. तिकडं इंग्रजांच्या परसात दुसरंच एक पिवळं फूल होतं, त्याला ते तसं म्हणायचे. हा झेंडू आला समुद्रापल्याडहून, मेक्सिको म्हणून देश आहे तिथून. त्यांना दोन्ही सारखी दिसली, म्हणून तेच नाव यालाही दिलं. इंग्रजीत अजून दोन्हींना मेरीगोल्डच म्हणतात. मोठ्या फुलाला वर आफ्रिकन लावलं आणि बारक्याला फ्रेंच, आणि ते दोन्ही ना आफ्रिकेचे ना फ्रान्सचे.

"म्हंजे झेंडू आपला न्हाईच?" एक जण म्हणाली.

"न्हाई. आपण त्याला आपला केला."

जाऊबाई म्हणाल्या, "तुझ्या सुनेला एवढं कोण इचारायला गेल्तं?"

"मीच गेल्ते. आणि जाऊबाई, दसऱ्याला आपण आपट्याचं पान हातात देऊन काय म्हणतो?"

"सोनं घ्या म्हणतो. काय म्हणणार?"

"आपण झाडाच्या पानाला सोनं म्हणतो. त्यांनी फुलाला म्हटलं, अन् आईच्या नावानं म्हटलं. एवढंच."

एक बाई हसायला लागली तशी जाऊबाई तिला म्हणाल्या, "दात काय दाखवून राह्यली, दोरा दे इकडं." सुई हातात घेतली आणि मला म्हणाल्या, "मोठ्या अक्षरात लिव्हायला सांग. आणि खाली मराठीत झेंडू. बराबर खाली."

तशीच पाटी झाली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी संभाजीनगरची एक गाडी थांबली. आतल्या बाईनं पाटी वाचून विचारलं, मराठी गटाला इंग्रजी नाव कशाला? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण जाऊबाई तोवर सुरू झाल्या होत्या. मेरीमाता सांगितली, परसातलं पिवळं फूल सांगितलं, समुद्र सांगितला, आपट्याचं पान सांगितलं. त्या बाईचा नवरा दोनदा हॉर्न वाजवून थकला. मेक्सिको काही त्यांच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून "लांबचा एक मुलूख" म्हणाल्या. शेवटी माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "हे नाव आमच्या धाकलीनं ठेवलंय. दुसरी शिकलीय ती."

मी खाली मान घालून फुलं निवडत राहिले. माझ्या आयुष्यात दुसरी शिकल्याचं इतक्या तोऱ्यात कुणी सांगितलं नव्हतं.