हळदीचा ढोल आणि गावाची नाडी

आधी तो चहाचा कप खाली ठेवा, हसताना अंगावर सांडेल. एका दुपारी मी अख्ख्या गावाला हृदयाचा आजार लावला होता. एकट्यानं!

वसमतजवळ आमचं गाव आणि गावात माझा हळद पॉलिशचा ढोल. वाळलेली हळद आत टाकायची, मोटर सुरू केली की ढोल गरागरा फिरतो आणि हळकुंडं घासून पिवळीधमक निघतात. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मोठ्या शहरातून एक तरुण डॉक्टरीणबाई नवंकोरं मशीन घेऊन जीपनं आल्या. हृदय तपासायचं शिबिर कुठं? माझ्या शेडमध्ये! खुर्च्या माझ्या, चहा माझा, मिरवणारा मीच.

आणि मशीन काय होतं म्हणता! अंगाला हात लावायचा नाही. लांबूनच लाल उजेडाचा एक ठिपका मानेवर, एक मनगटावर. ठोक्यानं कातडी जराशी थरथरते, त्यावरून नाडीचा ठोका मानेला कधी पोचतो आणि मनगटाला कधी, ते मशीन बघणार. फारच लवकर पोचला तर समजायचं, रक्तवाहिन्या कडक झाल्यात, हृदयाला धोका आहे.

भिंतीपलीकडे ढोल धडधडत होता. हळदीचा हंगाम, बंद कोण ठेवतो?

"काका, तो ढोल थांबवता का? हादरे बसताहेत," बाई म्हणाल्या.

"काहून? मशीन तर अंगाला हातच लावत न्हाई. मग हादरे त्याला कुठून लागतील?"

मी इतक्या ठसक्यात बोललो की बाईंनाही ते पटलं. मशीन नवं, बाईही नव्याच!

पहिले बसले शेजारचे दत्ताकाका. कडक! वय झालंय, म्हणून लोकांनी माना हलवल्या. मग गावचा पैलवान. कडक! त्याच्या आईनं तिथंच गळा काढला. पुढचा कडक, त्याच्या पुढचाही कडक. बाईंनी घाबरून ठिपका स्वतःवर टाकला. त्याही कडक!

शेवटी मी बसलो.

"काका, तुमचं तर फारच कडक दाखवतंय हो."

बायको सुशीला शेजारीच उभी. लग्न झाल्यापासून तंबाखू सोडा म्हणून माझ्या मागं लागलेली. मी खिशातली पुडी काढली आणि सगळ्या गावासमोर तिच्या हातावर ठेवली.

"सुशे, आजपासून बंद. तुझी शप्पथ!"

ती रडायला लागली. मीही रडलो. मरायची खरंच भीती वाटली हो!

तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडं रोजचंच ते. ढोल घरघरत थांबला. मशीन मात्र जीपच्या बॅटरीवर चालू होतं. बाई पुन्हा स्वतःवर ठिपका टाकून बसल्या होत्या, त्या एकदम ओरडल्या, "अहो, मी बरी झाले!"

मग उलगडा झाला. ढोलानं जमीन हादरत होती, जमिनीवर खुर्ची, खुर्चीत माणूस. मान आणि मनगट एकाच वेळी थरथरायचं आणि मशीनला वाटायचं, ठोका लगेच पोचला! दत्ताकाका परत बसले. ठणठणीत! पैलवान बसला. ठणठणीत! त्याच्या आईनं लेकाला मिठी मारली आणि मला शिव्या घातल्या. मला त्याचं काय? मी तर उड्या मारत होतो!

"आण गं ती पुडी!"

"थांबा की जरा," सुशीला म्हणाली. "बाई, ढोल बंद हाय तवर यांचंबी एकदा बघा बरं."

मी छाती फुगवून बसलो. ठिपका पडला. बाई स्क्रीनकडं बघत राहिल्या. परत मोजलं.

"काका, तुमचं खरंच कडक आहे. तंबाखू सोडा, रोज चाला आणि मोठ्या दवाखान्यात दाखवून घ्या."

सुशीलानं पुडी पदरात बांधून वर घट्ट गाठ मारली.

इतक्यात लाईट आली. मी बाईंच्या कानाशी वाकलो.

"बाई, मी ढोल सुरू करतो. तुमी पुन्यांदा मोजा, आन् ढोलामुळंच कडक दिसून राहिलं, असं सांगा हिला!"