हातमोजे

दर रविवारी आम्ही काहीजण शहरातल्या नदीतला कचरा काढतो आणि काठावर झाडं लावतो. परवा उंबराच्या रोपासाठी खड्डा घेताना चिखलातून दत्ताची तसबीर निघाली. कुणीतरी नदीत सोडलेली, काच तडकलेली. आमच्यातल्या कुमुदताईंनी आधी हातमोजे काढले, मगच ती उचलली.

"काच लागेल, ताई," मी म्हणालो.

"लागू दे. देवाला का हातमोजे घालून हात लावायचा?"

त्यांनी काच सोडवून पोत्यात टाकली. चित्र पदराने पुसून कपाळाला लावलं आणि खड्ड्यात, रोपाच्या मुळाशी ठेवलं. दत्त उंबराखाली गेले.

मग हातमोजे चढवून आम्ही सगळे पुन्हा पाण्यात उतरलो. त्या नदीला आम्ही लहानपणापासून आई म्हणत आलो आहोत.