सगळ्यात खाली लाल रंग असणार

प्रत्येक घरात एक डबा असतो बघा. सुटे स्क्रू, कुठल्या तरी कुलपाची किल्ली, मिक्सरचं जुनं वायसर, असं काय काय त्यात पडत जातं. टाकवत नाही, आणि उपयोगही होत नाही. समोरच्या श्रीपतअण्णांच्या गाडीचे किस्से माझ्याकडे तसेच साठलेत. सहा वर्षं झाली. सांगायला लागले की लोक हसतात. मला मात्र हल्ली सांगता सांगता मध्येच गप्प बसावंसं वाटतं.

कारण गाडी अजून सुरू झालेली नाही. आणि खरं सांगू? होईल असं मला वाटत नाही.

आम्ही बनशंकरीत राहतो. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी अण्णांच्या शेडवर उघडते. आता खिडकी तिथे बांधली त्यात माझा काय दोष!

*

आधी मूळ गोष्ट सांगते, नाहीतर काही कळायचं नाही.

अण्णांच्या बायकोचे, कमळाक्कांचे वडील, अप्पा, होते शौकीन. चिक्कमगळूरचा कुणी कॉफीमळेवाला साहेब देश सोडून निघाला, तेव्हा त्याची दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार अप्पांनी घेतली. वर टप नाही, उंची माझ्या कमरेएवढी. विलायतेतली ती कंपनीही पुढे बुडाली म्हणे. लहानगी कमळा त्या गाडीत बसून बसवनगुडीला फिरायची आणि भाव खायची.

मग कमळाचं लग्न ठरलं. अण्णांच्या आईला छत्रातलं, म्हणजे कार्यालयातलं, थाटाचं लग्न हवं होतं. अप्पांनी मुकाट्याने गाडी विकली. निघताना कमळाक्का आईच्या गळ्यात पडून रडल्या नाहीत. रिकाम्या शेडकडे बघून रडल्या. नवरदेवाला तेव्हा कारण समजलं. तो म्हणाला, "रडू नको, मी तुझी गाडी परत आणून देतो."

बोलून गेला बिचारा! रिटायर झाल्यावर ते पूर्ण करायला निघाला.

*

गाडी कुणाकुणाकडे गेली, ते अण्णांनी पायी फिरून शोधलं. अप्पांकडून एका डॉक्टरकडे. डॉक्टरांकडून सिनेमावाल्यांकडे. तिथून कुठे, कुणालाच माहीत नाही. डॉक्टरांचा म्हातारा कंपाउंडर एवढंच म्हणाला, "येलहंकाच्या बाजूला गेली म्हणतात."

अण्णा वर्षभर येलहंका पालथं घालत होते. शेवटी एका रोपांच्या नर्सरीमागे गाडी सापडली. टायर नाहीत, काच नाही, आणि ड्रायव्हरच्या सीटमधून पपईचं झाड वर आलेलं. झाडाला फळंसुद्धा!

नर्सरीवाल्याने गाडी द्यायला एका मिनिटात होकार दिला. पण तासभर अडून बसला.

"गाडी घेऊन जावा सार. पपई माझी."

टेम्पोतून गाडी उतरली तेव्हा मी खिडकीतून विचारलं, "काय अण्णा, आंघोळीला टब आणलात?" अख्खी गल्ली हसली. अण्णाही हसले. तेव्हा हसत होते.

*

कागदपत्रांसाठी ते गाड्यांच्या नोंदणीच्या ऑफिसात गेले. काउंटरवरचा मनुष्य फार शांत होता म्हणे.

"गाडीचा मालक कोण?"

"माझे सासरे."

"त्यांना घेऊन या."

"ते वारले."

"मग गाडी घेऊन या."

"ती चालत नाही."

त्याने पेन खाली ठेवलं. "सार, मालक येऊ शकत नाही, गाडी येऊ शकत नाही. मग तुम्ही का आलात?"

अण्णा घरी येऊन कट्ट्यावर बसले. मी कॉफी नेऊन दिली. म्हणाले, "शांताबाई, त्याचं काय चुकलं सांगा."

*

ही तीच गाडी कशावरून? हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. अण्णा कारखान्यात इन्स्पेक्टर होते, जन्मभर मापं घेतलेला माणूस. ते म्हणाले, "रंग सांगेल. अप्पांची गाडी लाल होती. वरचे थर काढत गेलं की सगळ्यात खाली लाल रंग असणार."

काचकागद आणि ब्लेड घेऊन बसले. पांढरा निघाला. त्याखाली निळा. त्याखाली हिरवा. कमळाक्का आणि मी शेजारी मटार सोलत बसलो होतो. प्रत्येक थराला अण्णा म्हणायचे, "स्वल्प थांबा, लाल येईल."

हिरव्याखाली लोखंड आलं.

अण्णा त्या बोटभर लोखंडाकडे बघत बसले. तेवढ्यात कमळाक्का मटाराचं ताट उचलत म्हणाल्या, "अहो, गंज लालच असतो की!"

मी हसले. अण्णांनी मान खाली घातली आणि दुसऱ्या कोपऱ्यात खरवडायला लागले.

*

मग एकच खूण उरली. शाळेत असताना कमळाक्कांनी डॅशबोर्डच्या खणाच्या झाकणावर, आतल्या बाजूला, केसांच्या पिनेने आपलं नाव कोरलं होतं. त्यासाठी अप्पांचा मारही खाल्ला होता. पण ते झाकण बशीरभाईंकडे होतं. खटका दुरुस्त करायला नेलं होतं.

बशीरभाई म्हणजे म्हातारे मेकॅनिक. असली इंजिनं समजणारा तेवढा एकच माणूस अण्णांना सापडला. डोळ्यांत मोतीबिंदू, पण इंजिनाला कान लावून रोग सांगायचे. इंजिनाला पेट्रोल पाजणारा तो अवयव, कार्बोरेटर, तोही त्यांनी सुटा करून घरी नेला होता.

आणि बशीरभाई गेले. झोपेतच.

अण्णा भेटायला गेले. कार्बोरेटर मागणार कसा? बसले, डोळे पुसले, परत आले. आठवड्याने पुन्हा गेले. पुन्हा डोळे पुसले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा बशीरभाईंची बीवी पडद्यामागून बाहेर आली.

"भाईसाब, तीन बार आए, तीनों बार अलमारी कू देख के रोए. मियाँ तो कबरस्तान में हैं. अलमारी पे तुम्हारा डब्बा है. लेके जाओ."

दोन डबे मिळाले. त्यात कार्बोरेटरचे तुकडे, पंख्याची बेअरिंगं आणि शिवणयंत्राच्या पिना, सगळं एकत्र. झाकण नव्हतंच.

अण्णा म्हणाले, "मी लाजलो हो शांताबाई. पण रडू खरं होतं."

*

हा किस्सा माझ्यावरच आहे.

मी निपाणीकडची, लग्न होऊन इथे आले. घरी मराठी, शाळाही मराठी, सातवीपर्यंत. समोरची मंडळी इथली, पिढ्यान् पिढ्यांची. घरात मराठी बोलतात, पण शाळा कानडी, लिहिणं कानडी. कमळाक्कांकडे कोल्हापूरच्या कुणाची लग्नपत्रिका आली की त्या मलाच वाचायला लावतात. आणि त्यांची सामानाची यादी माझ्यासाठी नुसत्या जिलब्या.

एकदा मी बाजारात निघाले. कमळाक्कांनी यादी दिली, अण्णांनीही आपली चिठ्ठी दिली. मी एक किराणावाल्याच्या हातात ठेवली. त्याने दोनदा वाचली.

"अक्का, ग्रीस एक डबा, नट बारा, रबरी नळी दोन फूट. इवत्तु येनु अडिगे?"

आज स्वयंपाक काय आहे, असं विचारत होता मेला!

स्पेअरपार्टवाल्याने मात्र काही विचारलं नाही. तो कोथिंबिरीची पेंडी शेजारच्या गाड्यावरून आणून, बिल करून, पिशवीत घालून मोकळा झाला.

*

आयुधपूजेला, आपल्या खंडेनवमीला, इकडे गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवतात आणि गाडी पुढे घेऊन चिरडतात. अण्णांच्या गाडीची पूजा दरवर्षी साग्रसंगीत. हार, कुंकू, कोहळा, चार लिंबं. पण गाडी चालेल तेव्हा ना लिंबं फुटणार! तिथेच वाळून सुपारीएवढी व्हायची. कमळाक्का झाडताना ती तेवढी सोडून झाडायच्या.

गेल्याच्या गेल्या वर्षी गल्लीतल्या लोकांना दया आली. म्हणाले, "अण्णा, आम्ही ढकलतो. वीतभर तर जायचंय." सगळ्यांनी "हो!" करून जोर लावला. लिंबं फुटली. टाळ्या पडल्या. आणि मग लक्षात आलं, ब्रेक बसवलेलेच नाहीत.

रस्ता उतरता. पुढे माझं गेट.

आता गेटही वाकडं आणि गाडीचं नाकही वाकडं. ते नाक ठोकून सरळ करायला अण्णांना दोन वर्षं लागली होती. त्यांनी एकदा नाकावरून हात फिरवला, मग माझ्या गेटवरून फिरवला.

"शांताबाई, चालली म्हणायची काय?"

"चालली की अण्णा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

*

कमळाक्कांचे गुडघे गेलेत. गाडी जमिनीलगत, त्यात बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं. डॉक्टरांनी पाटावर बसायला बंदी केलीय. तर ही बाई दुपारी दार लावून पाटावर बसायची प्रॅक्टिस करते! मी मागच्या दाराने गेले आणि बघितलं. बसल्या होत्या, उठता येत नव्हतं.

मी हात दिला. म्हणाल्या, "यांना सांगू नको. गाडी तयार झाली आणि मला बसता आलं नाही, तर?"

*

आता शेवटचं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

त्यांचा मुलगा मोहन सर्जापूर रोडला राहतो, कॉम्प्युटरवाला. त्याने विलायतेतल्या जुन्या गाड्यांच्या एका मंडळाला गाडीचा नंबर कळवला. उत्तर आलं. या नंबरची गाडी भारतात पाठवल्याची नोंद आमच्याकडे नाही.

अण्णांनी तो कागद चार घड्या करून खिशात ठेवला. त्या दिवसापासून शेडला कुलूप. जेवायचे, पेपर धरून बसायचे, पान उलटायचे नाहीत. कमळाक्कांनी विचारलं तर म्हणाले, "सहा वर्षं कुणाच्या तरी गाडीची सेवा केली. तुझी नव्हेच ती." आणि भंगारवाल्याला रविवारी सकाळी यायला सांगितलं.

शुक्रवारी दोघं गुडघ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. तेवढ्यात बशीरभाईंची बीवी रिक्षाने आली. माळा साफ करताना तिसरा डबा मिळाला म्हणाली. अण्णांच्या घराला कुलूप, म्हणून माझ्याकडे ठेवून गेली.

मी उघडला. उघडणारच! आत झाकण.

उलटं केलं. हिरवा रंग, गुळगुळीत. नखाने खरवडलं, चमच्याने खरवडलं. नाव नाही, नावाची रेघही नाही.

भंगारवाला रविवारी येणार होता. मग ह्यांचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला. शाळेत माझ्या अक्षराला पहिला नंबर होता. तसं, रेघेखाली, वळणदार, एकेक अक्षर कोरलं: कमळा. वरून समईची काजळी आणि एरंडेल चोळलं. दुपारभर उन्हात ठेवलं. इतकं जुनं दिसायला लागलं की माझं मलाच खरं वाटलं.

रविवारी सकाळी डबा घेऊन गेले. भंगारवाला हातगाडी घेऊन गेटवर उभाच होता. मी म्हटलं, "अण्णा, बशीरभाईंकडून आलंय. मी काही बघितलेलं नाही."

अण्णांनी झाकण काढलं. रॉकेलच्या फडक्याने पुसलं. उलटं केलं. आणि बघतच राहिले. मग काही न बोलता कमळाक्कांच्या हातात दिलं.

कमळाक्कांनी चष्मा लावला. झाकण जवळ धरलं, लांब धरलं, उजेडाकडे फिरवलं.

"शांता, काय लिवलंय गं हे?"

"अक्का, कमळा! तुमचं नाव!" मी ओरडलेच. आणि ओरडता ओरडता मला कमळाक्कांच्या यादीतल्या त्या जिलब्या आठवल्या.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग झाकणाकडे. मग बायकोकडे.

"कमळा, तू लिवलेलं तुलाच वाचता येईना?"

कमळाक्कांनी चष्मा काढला. पदराने सावकाश पुसला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तेव्हा येत होतं. लग्न झालं, विसरले."

मग अण्णा उठले, गेटवर गेले आणि भंगारवाल्याला म्हणाले, "नाळे बन्नी." उद्या या. त्यांनी शेडचं कुलूप काढलं, गुडघे टेकून गाडीत वाकले आणि झाकण जागेवर धरलं. मी स्क्रू देत होते. चौथा स्क्रू पिळताना, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले,

"लहानपणी अक्षर मात्र फार सुंदर होतं हो हिचं."